शून्याचा दगड

"तुमच्या उत्तरेच्या गालाला शाई लागली आहे."

साहेब माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी नुकतीच आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स संपवून रत्नागिरीतल्या त्या खाजगी सर्व्हे ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटले होते. पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि शाईने रेघ न् रेघ गिरवायची, हे माझं काम. उत्तरेचा गाल कोणता ते मला कळेना. मी आपले दोन्ही गाल पदराने पुसले, तर शाई नाकापर्यंत पसरली. शिपाई तोंडात रुमाल कोंबून हसत होता. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आता सगळीकडे आहे. म्हणजे दिशेचा प्रश्न मिटला."

ते आमचे मुख्य सर्व्हेअर. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे झीरो मास्तर. डावं-उजवं हे शब्द त्यांनी कधीच टाकून दिले होते. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, उत्तर बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. चहावाल्या पोऱ्याला ते सांगत, "कप माझ्या पूर्वेला ठेव." बिचारा कप हातात धरून उभा राही, आणि चहा थंड झाला की पुन्हा आमच्याच नावाने खडे फोडी.

ऑफिसच्या उंबऱ्याजवळ फरशीच्या सांध्यात त्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. ते आमच्या ऑफिसचं शून्य. तिथून पूर्वेला इतकं आणि उत्तरेला इतकं अशी प्रत्येक टेबलाची, कपाटाची, माठाची जागा त्यांच्या डोक्यात पक्की होती. मालकांनी एकदा उन्हाळ्यात त्यांना न विचारता पंख्याखाली टेबलं सरकवली. साहेब आले, दारात थांबले, वळले आणि मांडवीला आपल्या खोलीवर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः टेबलं पूर्ववत करून घेतली. मालकही वैतागत, पण साहेबांसारखा सर्व्हेअर त्यांना जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता, आणि हे साहेबांपेक्षा मालकांना जास्त ठाऊक होतं.

या माणसाचा मला फार राग येई. सोमवारी सकाळी सकाळी कोणी 'दिवस वाईट आलेत' म्हणालं की हे चष्म्यावरून बघत विचारणार, "कुठून मोजताय?" पगार कमी आहे म्हटलं की कुठून मोजताय, पाऊस जास्त झाला म्हटलं की कुठून मोजताय. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी डबा खायच्या खोलीत तोंड लपवून रडत बसले होते. साहेब पाणी प्यायला आत आले. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझं आयुष्य फुकट गेलं. ते पाणी प्यायले, त्यांनी पेला उपडा घातला आणि म्हणाले, "कुठून मोजताय?" त्या क्षणी तो पेला मी त्यांच्या डोक्यात घातला असता. पण घरी जाताना तेच शब्द डोक्यात फिरत राहिले आणि मांडवीच्या वळणापर्यंत माझं रडणं थांबलेलं होतं, हेही खरं.

त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुठल्याही गावाचा नकाशा करायचा तर आधी एक जागा ठरवावी लागते, जिथून सगळं मोजायचं. ते त्या गावापुरतं शून्य. सरकारी खुणा दूर डोंगरावर कुठेतरी असायच्या, म्हणून रस्ता नाहीतर बंधारा आखताना सर्व्हेअर आपापलं शून्य ठेवून काम करत. बाकीचे लोक हातात येईल तिथे खुंटी ठोकून मोकळे होत. साहेबांचं तसं नव्हतं. ते सगळं गाव एकट्याने फिरून घेत, बिडी ओढत एखाद्या उंचवट्यावर बसून राहत आणि मग जागा ठरवत. तिथे काळा दगड पुरून घेत. आमच्याकडचा तांबडा जांभा उन्हापावसाने झिजतो, म्हणून काळाच. दगडाच्या डोक्यावर छिन्नीने फुली पाडून तीत लाल रंग भरत. मग जवळपासच्या तीन पक्क्या गोष्टी धरून, विहिरीचा काठ, देवळाची पायरी असं काहीतरी, त्यांच्यापासून दगडाचं अंतर मोजून ठेवत. त्यांना ते साक्षीदार म्हणत. दगडावर कधी संशय आलाच तर साक्षीदारांना विचारायचं.

आणि एक गंमत म्हणजे, शून्याला ते शून्य हा आकडा कधी देत नसत. पूर्वेला हजार, उत्तरेला हजार असे देत. शून्य दिलं तर दगडाच्या पश्चिमेची आणि दक्षिणेची घरं वजा आकड्यात जातात. तसं करणारे पुष्कळ होते, हिशेब काही चुकत नाही. साहेबांना ते चालत नसे. "आपण दगड कुठे ठेवला त्यावरून कुणाचं घर उण्यात जाता कामा नये," असं ते म्हणत. मला त्या वेळी हा निव्वळ चक्रमपणा वाटे.

साहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघेही आता हयात नाहीत, म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही.

साहेबांचं गाव रत्नागिरीपासून आत, एसटीने दोनेक तासांवर. घरात बाकी कुणी नव्हतं, एक धाकटा भाऊ. तो मुंबईत गिरणीत होता. साहेबांनी लग्न केलेलं नव्हतं. या भावाबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज जरा सैल होई. गणपतीला ते गावी जात आणि आले की सबंध आठवडाभर "आमच्या बारक्याने आरास काय केली होती" हे पालुपद चाले. बारक्या म्हणजे चांगला मिशीवाला, दोन पोरांचा बाप होता.

त्या गावातून रस्ता काढायचं काम आमच्याच ऑफिसकडे आलं. पहिली मोजणी साहेबांनी स्वतः केली. गावाच्या वर मोठा सडा आहे, झाड ना झुडूप, नुसती जांभ्याची सपाटी. तिथे त्यांनी शून्याचा दगड पुरला. नकाशा वर गेला, रस्त्याची रेघ ठरून आली आणि मग सरकारी कारभाराप्रमाणे तो कागद दोन-तीन वर्षं कुठेतरी झोपून राहिला. तेवढ्यात मुंबईत गिरण्यांचा संप झाला. बारक्या बायकापोरांना घेऊन गावी परतला तो कायमचाच. असेल नसेल ते घालून त्याने घर बांधायचं काढलं. कुठे बांधू म्हणून साहेबांना विचारलं. साहेबांनी नकाशा बघून सांगितलं, रस्ता इथून जाणार, तू विहिरीपासून इतकं अंतर सोड, म्हणजे घराला धक्का लागणार नाही. बारक्याने तसं बांधलं. चिऱ्याचं, तीन खोल्यांचं घर, पुढे पडवी. साहेब घरभरणीला गेले होते. तिथून आणलेले लाडू त्यांनी आम्हाला वाटले, आणि माझ्या उत्तरेला ठेवले.

मग रस्ता जागा झाला आणि जमिनीवर खुंट्या ठोकायची वेळ आली. साहेब स्वतः गेले नाहीत. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भावाच्या दारावरून रस्ता आखायचा, लोक काय वाटेल ते बोलतील, म्हणून त्यांनी सहायकाला टोळी घेऊन पाठवलं. पहिल्या मोजणीला तो नव्हता. सहायकाने परत येऊन सांगितलं की दगड जागेवर आहे, एकदम झकास आहे, रंगही ताजा आहे. साहेब खूष झाले. इतर कामांत ते पुढचा प्रश्न हटकून विचारत, साक्षीदार तपासले का म्हणून. त्या दिवशी विचारला नाही. मी समोरच बसले होते, म्हणून मला माहीत आहे.

चार-आठ दिवसांनी बारक्या ऑफिसात आला. पानात बांधलेले ओले काजूगर त्याने शिपायाकडे दिले आणि बाकाच्या टोकावर अंग चोरून बसला. साहेब त्याच्याशी नेहमी गावच्या बोलीत बोलत. त्या दिवशी बोलले ते ऑफिसच्या भाषेत.

"काय काम काढलंस?"

"दादा, खुंटी माज्या पडवीत आलीय."

"मला कळलंय."

"तू सांगलंस तसाच बांधलाय मी. ईरीपासना दोरी धरून मोजलाय. मंग खुंटी आत कशी?"

"दोरी सैल धरली असशील. नाहीतर रस्त्यालगत दुकान टाकायचं मनात आलं असेल आणि थोडा पुढे सरकला असशील."

बारक्याने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाला, "दुकान? मी?"

"लोक करतात."

"खुंटी हलव नाय बोलत मी. एकदा ये आणि मोज. निस्ता मोज. माजा चुकला आसंल तर मी माज्या हातानं पडवी पाडीन."

ऑफिसात सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि सगळ्यांचे कान तिकडे होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गावात आणखीही लोकांच्या जमिनी गेल्यात. त्यांच्यासाठी मी दोनदा मोजायला गेलो नाही. भावासाठी गेलो तर उद्या मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शून्य जागेवर आहे, रेघ जागेवर आहे. चूक असेल तर घराच्या जागेत आहे."

"घराच्या जागेत," बारक्या म्हणाला. तो उठला. दाराशी पोचल्यावर मागे वळून म्हणाला, "काजूगर खा. पोरांची आय सोलत बसली व्हती काल."

काजूगर साहेबांनी आम्हाला वाटून टाकले. स्वतः एकही खाल्ला नाही.

पावसाळ्याआधी घर पाडलं. नुसती पडवी पाडून भागलं नाही, सगळंच गेलं. भरपाई मिळाली, पण ती जमिनीची आणि चिऱ्यांची. बारक्याने गोठ्याला लागून एक खोपटं उभं केलं आणि लोकांच्या आंब्याच्या बागांवर राखणीला जाऊ लागला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, ती पोरांची शाळा आहे या कारणाने तिकडेच राहिली. हे सगळं आम्हाला शिपायाकडून कळे. त्याच्या मावशीचं गाव शेजारीच. साहेबांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

रस्ता झाला. त्या गावाच्या शिवेवर त्याला एक विचित्र झोला पडला. सरळ येणारा रस्ता उगाच एकदा पूर्वेला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. ना ओढा, ना खडक, कारण काहीच नाही. पलीकडच्या हद्दीत दुसऱ्या कंपनीने आखणी केली होती. त्यांचा रस्ता आणि आमचा रस्ता एकमेकांना मिळायला हवा होता तो मिळाला नाही, म्हणून ठेकेदाराने वाकवून जोडला. साहेब म्हणाले, त्यांनी शून्य नीट ठेवलं नसेल. आमच्यापैकी कुणालाही त्यात शंका वाटली नाही.

त्या वर्षी गणपतीला साहेब गावी गेले नाहीत. चतुर्थीच्या संध्याकाळी आम्ही मैत्रिणी मांडवीला फिरायला गेलो होतो. ते धक्क्याच्या टोकाला समुद्राकडे पाठ करून बसले होते. मी जाऊन नमस्कार केला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, यंदा गर्दी कमी आहे. मी वाट बघत होते की आता ते विचारतील, कुठून मोजताय. त्यांनी विचारलं नाही. 'हो' म्हणाले. मला एकदम भीती वाटली.

दशक संपता संपता आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मालकांचा भाचा मुंबईहून तो गाडीत मांडीवर घेऊन आला होता. त्याच्यासाठी खोलीला पडदे लागले, चपला बाहेर काढायच्या ठरल्या, आणि चालवायला कोण, तर मी, कारण माझी बोटं पातळ आहेत असं मालकांचं मत पडलं. भाच्याने नकाशे काढायचा प्रोग्राम सुरू करून दाखवला. साहेब दारातच उभे होते. म्हणाले, "याचं शून्य कुठे?"

भाच्याने कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. काच आहे."

साहेब निघालेच होते. पण भाचा म्हणाला की हे नको असेल तर तुमचं शून्य तुम्ही हवं तिथे ठेवू शकता. दिशाही हव्या तशा फिरवता येतात. त्याला नाव देऊन जपून ठेवता येतं, एकाच नकाशात अशी कितीही ठेवता येतात, आणि पाहिजे तेव्हा पाहिजे त्या शून्यावर उभं राहता येतं. साहेब परत वळले. चपला काढून आत आले आणि स्टुलावर बसले. "पुन्हा सांगा," म्हणाले. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता.

मग आमचा एक उद्योगच सुरू झाला. त्यांनी आयुष्यभर जिथे जिथे दगड पुरले होते ती सगळी गावं ते मला घालायला सांगत. एकेका शून्याला गावाचं नाव द्यायचं, आकडे ते वाचणार, मी टिपणार. वेळणेश्वरच्या बाजूचं एक गाव घालताना दगड पुरायच्या दिवशी देवळात प्रसादाला काय होतं तेही ते सांगत. मला वाटलं, माणूस हळूहळू सावरतोय. त्यांचं गाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

एका दुपारी तेही घेतलं. आधी पहिल्या मोजणीचे आकडे घातले, त्यांनी स्वतः केलेल्या. पडद्यावर विहीर आली, देऊळ आलं, शाळा आली. मग रस्ता झाल्यावर टोळीने पुन्हा मोजणी केली होती, तिचे आकडे. गाव तेच, दगड तोच, शून्य तेच. विहीर विहिरीवर बसायला हवी होती, देऊळ देवळावर.

पडद्यावर दोन विहिरी दिसत होत्या. दोन देवळं, दोन शाळा. सबंध गाव दोनदा उमटलं होतं, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक वस्तू सारखीच सरकलेली. मी म्हटलं, माझं काहीतरी चुकलं, पुन्हा घालते. साहेब म्हणाले, "नका घालू. एखादा आकडा चुकला तर एखादी वस्तू हलते. सगळं गाव एकदम हलत नाही."

मी म्हटलं, "मग?"

"दगड हललाय," ते म्हणाले. आणि रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवून, "आखणीच्या आधीच."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. मी कशाला, तर फितीचं दुसरं टोक धरायला. ऑफिसातल्या पुरुषांपैकी त्यांना कुणी नको होतं. शिवेवरच्या झोल्यापाशी गाडी कलली, एका बाईची पिशवी माझ्या पायावर घरंगळली. साहेबांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला होता.

आम्ही गावात न शिरता थेट सड्यावर चढलो. दगड जिथे पुरला होता तिथे भर उन्हात एक खड्डा होता, आणि त्यात गवत. तिथून बऱ्याच अंतरावर, सड्याच्या कडेला रायवळ आंब्याचं एकच झाड आहे. त्याखाली चिऱ्यांचा छोटा चौथरा. चौथऱ्यावर आमचा काळा दगड. फुलीवर शेंदूर, वर दोन जास्वंदीची फुलं, पुढ्यात नारळाची करवंटी. सहायक खोटं बोलला नव्हता. रंग ताजा होता.

"राखणदार करून ठेवलाय," मी म्हटलं. आमच्याकडे गावाची राखण करणारा देव असाच कुठेतरी कडेला, झाडाखाली असतो. काळा दगड आणि वर लाल खूण बघितल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार? फितीचं टोक माझ्या हातात देऊन साहेब खड्ड्यापर्यंत गेले. अंतर बघितलं. पडद्यावर दोन विहिरींमध्ये होतं तेवढंच.

तेवढ्यात बारक्या आला. बागेतून त्याने आम्हाला चढताना बघितलं असावं. वाळलेला, दाढी वाढलेली. मला तो साहेबांपेक्षा मोठा वाटला. त्याने साहेबांकडे न बघता चौथऱ्यावरचा पाचोळा हाताने झाडला.

साहेबांनी विचारलं, "ह्यो दगड हितं कुणी आणला?" मी चमकले. इतक्या वर्षांनी ते गावचं बोलत होते.

"मीच."

"तू?"

"मुंबईसना आलो तवा बघितला. पावसानं उकलून आडवा पडलेला. गुरां पाय देत व्हती त्याच्यावर. दादानं घातलेला दगड, असा लाथाखाली पडू द्यायचा?" तो अजूनही दगडाशीच बोलत होता. "मंग मी न् आणखी दोगं, उचलून सावलीत आणला. चौथरा मी बांधला. घर बांधलं त्यातलंच चार चिरे उरलं व्हतं. लोकांनी मागनं फुलं वाह्यला सुरुवात केली."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बारक्या, तू दगड हलवलास म्हणून रस्ता हलला, म्हणून तुझं घर गेलं. ते वाक्य खरं होतं. ते बोलले असते तर त्यांच्यावरचा सगळा ठपका तिथेच उतरला असता. आणि हा असा माणूस, ज्याने आयुष्यात बोटभरसुद्धा रेघ इकडची तिकडे केली नव्हती.

"बरा केलास," साहेब म्हणाले. "दगडाचा काय नाय. तो कुठं पन असंना. बारक्या, मी ते सांगायला आलोय. तुजी दोरी बरोबर व्हती. आकडेमोडीत माजा चुकला."

बारक्याने पहिल्यांदा मान वर केली. "तुजा?"

"माजाच."

"आकडा चुकला तुजा."

"व्हय."

बारक्याने करवंटी उचलून सरळ ठेवली. आंब्यावर कावळा ओरडत होता. मला वाटलं, बारक्या आता रडेल नाहीतर मारायला धावेल. तो अगदी हळू बोलला. "मी एकच मागलेला. येऊन मोज. तवा का नाय आलास?"

साहेबांनी फीत गुंडाळायला घेतली. हा प्रश्न खोट्यातला नव्हता, खऱ्यातलाच होता.

"मला दुकानदार बोललास," बारक्या म्हणाला. "सगळ्या लोकांत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ह्याला उतरताना सांबाळून न्या. खालचा दगूड निसटता हाय." आणि बागेच्या बाजूने उतरून गेला.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही थांब्यावर बसलो. मी न राहवून विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"घर गेलंय," साहेब म्हणाले. "ते मी घालवलं असं समजून तो जगू शकेल. स्वतःच्या हाताने घालवलं हे कळलं तर कसा जगेल? आणि कशापायी, तर माझा दगड उन्हात पडू नये म्हणून." थोड्या वेळाने म्हणाले, "शिवाय ते खोटं तरी कुठे आहे? साक्षीदार तपासायचे होते, मी विचारलं नाही. तो बोलवायला आला, मी गेलो नाही."

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. मालकांना काय कारण सांगितलं कोण जाणे. ऑफिसातून निघताना त्यांनी उंबऱ्याजवळचा पितळी खिळा पक्कडीने उपटून खिशात टाकला. मी कधीमधी मांडवीला त्यांच्या खोलीवर जाई. बोलणं फारसं होत नसे. बारक्या एकदाही आला नाही, आणि त्यांनी कधी बोलावलंही नाही. ते गेले तेव्हा मात्र गावाहून माणसं आली, त्यांत तो होता. पाणी त्यानेच पाजलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी त्या रस्त्याने एसटीने चालले होते. झोल्यापाशी गाडी कलली आणि मागून कुणीतरी नेहमीप्रमाणे रस्ता आखणाऱ्याची आई-बहीण काढली. माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. तो मागे वळून म्हणाला, "शिव्या नको देव रं. माज्या दादानं आखलाय. चुकला बिचारा."

मी ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असावं, कारण थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी व्हताव ना तवा सड्यावर? फीत धरलेली?"

"हो."

"एक इचारू? खरा सांगा. माजा दादा कदी चुकत नसे. आकडा तर नायच नाय. मंग तवा त्याचा काय चुकला?"

त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीतून तेलाच्या बाटलीचं बूच वर आलेलं होतं आणि बाजूला जास्वंदीची फुलं, पानात गुंडाळलेली. गाडी फाट्याला लागत होती. त्याचा उतरायचा थांबा आला होता, तरी तो उठेना.

"आकडेमोड," मी म्हटलं. "एक आकडा इकडचा तिकडे झाला होता. मी स्वतः बघितला."

त्याने मान हलवली, दोन-तीनदा. "व्हता असा कदी," म्हणाला. मग पिशवी सांभाळत उतरला आणि सड्याच्या वाटेला लागला.